स्टॉक साइटला छायाचित्रे देण्यापूर्वी: मोबदला आणि परवाना कसा तपासावा

पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवण्याचे काम, चालू असताना तांब्याच्या घंगाळावर पडणाऱ्या प्रत्येक ठोक्यागणिक एकेक चकाकता ठिपका उमटत जातो. तो नेमका टिपण्यासाठी मी तीन सकाळी तेथे बसलो, घरी येऊन चाळीस छायाचित्रे निवडली, प्रत्येकाला शीर्षक आणि कीवर्ड दिले आणि एका स्टॉक साइटवर, म्हणजे छायाचित्रांचे परवाने विकणाऱ्या संकेतस्थळावर, चढवली. पहिली विक्री झाली तेव्हा खात्यात दहा सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये जमा झाले. चूक माझीच होती, कारण दराचा तक्ता मी आधी वाचलाच नव्हता. पुण्यात वारी, गणेशोत्सव आणि सिंहगडावरचा पावसाळा टिपणाऱ्या तरुण छायाचित्रकारांनी तरी तो आधी वाचावा, म्हणून हे लिहीत आहे.

तक्ता वाचताना केवळ टक्केवारी पाहून थांबू नये. शटरस्टॉक या साइटने जून 2020 मध्ये पद्धत बदलली, तेव्हापासून तेथे विक्रीच्या संख्येनुसार 15 ते 40 टक्के वाटा मिळतो, आणि दर वर्षी 1 जानेवारीला प्रत्येकाची पायरी पुन्हा तळाशी येते. अडोबी स्टॉक छायाचित्रांसाठी 33 टक्के देते, तर आयस्टॉक केवळ त्यांच्याशीच बांधील नसलेल्या छायाचित्रकाराला 15 टक्के देते. मात्र ही टक्केवारी ग्राहकाने त्या एका छायाचित्रामागे प्रत्यक्ष मोजलेल्या रकमेवर लागते, आणि एकाच वर्गणीत (सबस्क्रिप्शन) पुष्कळ छायाचित्रे घेणाऱ्या मोठ्या ग्राहकाच्या बाबतीत ती रक्कम फार लहान असते. त्यामुळे हिशेब उलट्या बाजूने मांडावा. पैसे काढण्याची किमान मर्यादा 25 डॉलर असेल आणि दर विक्रीला दहा सेंट मिळत असतील, तर पहिला पैसा हातात पडायला अडीचशे विक्री लागतात. कॅमेऱ्याची झीज, पेट्रोल आणि कीवर्ड लिहिण्यात गेलेले तास वहीत मांडले, की कोणती छायाचित्रे स्टॉकला द्यायची आणि कोणती थेट प्रकाशकाला विकायची हे आपोआप स्पष्ट होते. कुठेही सहज मिळणारी भाजी, चहाचा पेला, पावसातली छत्री स्टॉकला जरूर द्यावी. तांबट आळीसारखे, जे दुसऱ्या कोणाकडे नाही, ते मी आता तेथे देत नाही.

दुसरा प्रश्न मालकीचा. आपण शटर दाबले म्हणून छायाचित्र आपलेच, असा समज सर्रास आढळतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार कोणी पैसे देऊन आपल्याकडून छायाचित्र काढून घेतले असेल, आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. एका बांधकाम व्यावसायिकासाठी मी तोंडी बोलीवर काम केले होते. त्याच वेळी टिपलेली नदीकाठची दृश्ये पुढे स्टॉकला द्यायला निघालो, तेव्हा त्याने हरकत घेतली, आणि माझ्या हातात दाखवायला एकही कागद नव्हता. म्हणून काम घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे झाले तरी शेवटी दोन ओळींचा सह्यांचा कागद करावाच. हक्क हस्तांतरित करायचे असतील तर कलम 19 प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो.

स्टॉक साइटला आपण सहसा मालकी देत नाही, परवाना देतो. रॉयल्टी-फ्री या शब्दाचा अर्थ फुकट असा नसून, एकदा पैसे भरल्यावर ग्राहकाला ते छायाचित्र परवान्याच्या मर्यादेत पुन्हा पुन्हा वापरता येते, असा आहे. त्यामुळे पुढे छायाचित्र काढून टाकले तरी आधी विकले गेलेले परवाने चालूच राहतात.

जाहिरातीसारखा व्यापारी वापर आणि बातमी-लेखासोबतचा संपादकीय वापर यांतला फरक पुण्यात विशेष महत्त्वाचा आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीतील ओळखू येणारे चेहरे संमतीशिवाय जाहिरातीसाठी देता येत नाहीत, म्हणून असे छायाचित्र संपादकीय म्हणूनच नोंदवावे. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढण्यास कायद्यात सूट आहे, पण उत्सवापुरत्या मांडवातील मूर्तीला आणि देखाव्याला ती सूट गृहीत धरू नये, कारण त्यामागे मूर्तिकाराचा स्वतःचा हक्क असू शकतो.

संमतीपत्राबद्दल माझे मत ठाम आहे. साइटचा इंग्रजी नमुना कारागिरासमोर धरून सही घेणे मला मान्य नाही. मी तोच मजकूर मराठीत करून मोठ्याने वाचून दाखवतो, हे छायाचित्र एखाद्या औषधाच्या किंवा कर्जाच्या जाहिरातीतही दिसू शकते हे सांगतो, आणि मगच विचारतो. एका तांबटकाकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘हातांचा फोटो द्या, तोंडाचा नको.’’ मी हातांचाच दिला. ज्याच्या चेहऱ्यावर आपण कमावणार आहोत, त्याला ठरलेली रक्कम आणि छायाचित्राची एक प्रत द्यावी. योग्य मोबदल्याची मागणी आपण साइटकडे करतो, तीच त्या माणसाची आपल्याकडे असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी छायाचित्रे वापरली जाण्याचा मुद्दा आता करारातच दडलेला असतो. अडोबीने 2023 मध्ये आणलेले फायरफ्लाय हे चित्रे तयार करणारे साधन अडोबी स्टॉकमधील छायाचित्रांवर शिकवले गेले, आणि त्यापोटी छायाचित्रकारांना वेगळा बोनस दिला गेला. शटरस्टॉकने 2022 मध्ये अशा वापरासाठी छायाचित्रकारांचा निधी जाहीर केला. छायाचित्रे चढवण्याआधी खात्याच्या सेटिंगमध्ये यातून बाहेर पडण्याचा पर्याय आहे का ते शोधावे, आणि नसेल तर काय द्यायचे ते त्यानुसार ठरवावे.

अमेरिकी साइटवर डब्ल्यू-8बेन (W-8BEN) हा कराचा फॉर्म भरायला विसरू नये. भारत-अमेरिका कर-करारानुसार स्वामित्वधनावरील (रॉयल्टीवरील) करकपात 15 टक्क्यांपर्यंत येते, फॉर्म नसेल तर ती 30 टक्के होऊ शकते.

आपले छायाचित्र कोणी परवान्याशिवाय संकेतस्थळावर लावलेले आढळले, तर आधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावा, कारण तक्रार पोहोचताच पान गायब होते. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली प्रक्रिया न केलेली फाइल, मात्र कोणालाही देऊ नये, छायाचित्र आपणच काढल्याचा तोच सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्यानंतर ते पान ज्या मंचावर आहे त्याला लेखी तक्रार करावी. 2013 च्या कॉपीराइट नियमांनुसार मंचाने 36 तासांत ते रोखणे अपेक्षित आहे, परंतु 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश हजर केला नाही तर मंच ते पुन्हा खुले करू शकतो. म्हणून तक्रारीच्या दिवशीच वकिलाची वेळ घ्यावी.