मुरुमांचे खड्डे: कोणत्या व्रणाला कोणता उपचार

चेहऱ्यावर नवे मुरूम येत असताना खड्ड्यांवरील उपचाराची घाई करू नये. आधी मुरूम आटोक्यात आणावेत. मग त्वचारोगतज्ज्ञाकडून व्रणांचा प्रकार ठरवून घ्यावा. सपाट काळे डाग म्हणजे खड्डे नव्हेत. उन्हापासून जपल्यास ते बहुधा काही महिन्यांत फिके होतात. सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांत तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल नेमके टेकवतात, तर त्वचा खालून ओढली गेल्याने पडलेल्या पसरट खळग्यांसाठी आतले तंतू सुईने सोडवणारे सबसिजन अधिक उपयोगी ठरते. हे आम्ल घरी कधीही वापरू नये. चेहरा भाजून कायमचा व्रण राहू शकतो. उथळ खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेला सूक्ष्म छिद्रे पाडण्याचा उपचार, करतात आणि त्याची साधारण ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने अनेक सत्रे लागतात. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळेपणा उमटण्याचा धोका अधिक असतो, म्हणून त्याविषयी डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन हे औषध घेत असल्यास किंवा जखमेच्या जागी जाड, उंचवटेदार व्रण वाढत असल्यास तेही आधीच सांगावे. उपचारानंतर खपली खरवडू नये आणि किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन रोज लावावे.