उडत्या विमानातून रडार मोजताना पी१ला पी२शी ताडून बघा

दुय्यम रडार, म्हणजे विमानाला प्रश्न विचारून उत्तर घेणारं रडार, १०३० मेगाहर्ट्झवर विमानाला हाक मारतं, ट्रान्सपाँडर, म्हणजे विमानातलं उत्तर देणारं यंत्र, १०९०वर ओ देतो. आपल्याला हाक मोजायचीय, म्हणजे पी१, पी२, पी३ या तिच्यातल्या छोट्या पल्स (रेडिओचे ठोके). जमिनीवर ती क्वचितच धड सापडते. ३,००० मीटरवर मात्र रेडिओ क्षितिज सव्वादोनशे किलोमीटरपर्यंत सरकतं आणि लांबलांबच्या रडारांचा एकच गलका कानावर येतो.

वैमानिकाची परवानगी आधी, बाकी सगळं नंतर.

ॲन्टेना साधी चालते: सात सेंटीमीटरची तार, उभी, खाली पत्र्याचा तुकडा. आडवी ठेवू नका, रडारच्या लहरी उभ्या ध्रुवीकरणाच्या असतात. खरा त्रास आपल्याच विमानाचा. त्याचा ट्रान्सपाँडर काही मीटरवरून शेकडो वॅटच्या पल्स सोडतो आणि रिसीव्हर आंधळा होतो. म्हणून १०३०चा अरुंद फिल्टर लावाच, आणि ऑटोमॅटिक गेन (सिग्नल आपोआप लहानमोठा करणारी सोय) बंद. तो चालू ठेवून घेतलेले आकडे मी तरी वाचत नाही.

आता पल्स बघा. पी१ आणि पी३ प्रत्येकी ०.८ मायक्रोसेकंदांच्या, दोघींत ८ मायक्रोसेकंद असतील तर रडार ओळख विचारतंय, २१ असतील तर उंची. सेकंदाला २४ लाख नमुने घेणाऱ्या स्वस्त डोंगलला (यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरला) एका पल्समध्ये जेमतेम दोन नमुने मिळतात. अंतर ओळखायला तेवढे पुरतात, पल्सची ताकद नेमकी मोजायला नाही. तिथे कोटभर नमुन्यांचा रिसीव्हर हवा.

पी१नंतर २ मायक्रोसेकंदांनी पी२ येते, आणि सगळी मेख तिच्यातच आहे. पी१ फिरत्या झोतातून येते, पी२ साधारण सगळीकडे सारखी पसरते. विमान कललं, पंख आड आला की दोन्ही जवळपास सारख्याच दबतात. त्यामुळे नुसती सिग्नलची पातळी फसवते, दोघींतला फरक सहसा फसवत नाही. पी१ ९ डेसिबलने वरचढ असेल तर तुम्ही मुख्य झोतात आहात. पी१-पी३च्या अशा हाकेत पी२ बरोबरीची किंवा मोठी दिसली तर ती झोताच्या बाजूची गळती, ती नोंद वेगळी काढा.

कुठलं रडार कुठलं, हे फेरीवरून कळतं. विमानतळाजवळचं रडार साधारण चार-पाच सेकंदांत फेरी पुरी करतं, लांब पल्ल्याचं दहा-बारा. झोत जेमतेम अडीच अंशांचा, म्हणजे चार सेकंदांच्या फेरीत तुमच्या वाट्याला तीसेक मिलिसेकंद. विमान आडवं जात असेल तर फेरी किंचित लांब-आखूड भासते, तेवढी सूट द्या. फेरीत न बसणारे १०३०वरचे प्रश्न बहुधा टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचे, तुमच्याच विमानाचेही असू शकतात.

प्रत्येक नोंदीला जीपीएसची वेळ, जागा, उंची आणि विमानाचा कल जोडा. वळणातल्या नोंदींवर वेगळी खूण करा, पातळीच्या नकाशात त्या घेऊ नका.