फेरोसिमेंटची बोट पाण्यातून वर काढताय? मग आधी हे बघून घ्या

न्यूझीलंडमध्ये १९६० आणि ७० च्या दशकात लोकांनी घराच्या मागे बांधलेल्या फेरोसिमेंटच्या (म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंटचा गिलावा दिलेल्या) बोटींपैकी एखादी जुनी घेतली असेल आणि यंदा तळ वॉटरप्रूफ करायचा असेल, तर रंगाचे डबे सगळ्यात शेवटी घ्या, आधी तारीख पक्की करा. तिकडचा उन्हाळा जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हाचंच बुकिंग घ्या आणि बोट यार्डवाल्याला (जिथे बोट वर काढून ठेवतात) आधीच सांगून ठेवा की बोट सुकायला वेळ लागणार, रंग मारला की सोडली पाण्यात असं होणार नाही.

वर काढल्या काढल्या प्रेशर वॉशर मारा, शेवाळ-शिंपले ओले असतानाच सुटतात. पाणी गोडंच आणि भरपूर, कारण खरी भीती मिठाची आहे, सिमेंटच्या अल्कलीमुळे आतली जाळी शाबूत राहते पण मिठातलं क्लोराईड तिथवर पोचलं की गंज धरतोच, आणि जाळीवर गिलावा असतो किती तर जेमतेम २-३ मिलिमीटर!

मग छोटी हातोडी आणि खडू. सगळा तळ हळूहळू ठोकत जायचं, खणखणीत वाजलं तर पुढे सरका, बद्द वाजलं किंवा तांबूस ओघळ दिसला तर खडूने गोल करा, आणि भरायच्या आधी प्रत्येक गोलाचा फोटो काढून ठेवा, इन्शुरन्सवाले फेरोसिमेंट म्हटलं की नाक मुरडतात, सर्व्हेयरला दाखवायला कामी येतो. गोलातलं सुटं सिमेंट छिन्नीने उकरा, तार वायर ब्रशने चकचकीत करा, भरायला इपॉक्सी मॉर्टर (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या इपॉक्सी रेझिनचा गिलावा). ॲसिड वापरायचंच तर फॉस्फोरिक घ्या आणि नंतर नीट धुवा, हायड्रोक्लोरिक नको, त्यात क्लोराईडच असतं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

आता सुकवणं, इथेच घाई होते. साधारण ४५ सेंटिमीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवा, किमान १६ तास ठेवा, आतून थेंब दिसले किंवा खालचं सिमेंट काळसर पडलं तर थांबा. बोटीच्या आत तळाला साचलेलं पाणीही उपसून कोरडं करा, नाहीतर बाहेरून कितीही सुकवा ओल येतच राहणार, आणि तिथं इंजिन ऑइल मुरलं असेल तर ते डिग्रीजरने काढल्याशिवाय इपॉक्सी धरत नाही.

पहिला इपॉक्सीचा हात पातळ, आत मुरणारा, मग जाड दोन, वर अँटिफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग. ब्राँझच्या फिटिंगखाली प्लास्टिकचा पॅड आहे ना बघा, आतल्या लोखंडाला ब्राँझ टेकता कामा नये. झिंकच्या ॲनोडवर (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) मात्र चुकूनही रंग नको.