घरी सिस्टरकडून अँटिबायोटिक इंजेक्शन घेताना घरच्यांनी काय बघायचं

डिस्चार्ज मिळतो पण डॉक्टर म्हणतात अजून काही दिवस इंजेक्शन चालू ठेवायचंय, हातातली इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली औषधाची बारीक नळी) तशीच राहू दे, घरी सिस्टर येऊन देतील. खानापूर, निपाणी, चिकोडी साईडला असं बरंच चालतं आणि ते सोयीचंच आहे, पेशंटला घेऊन रोज बेळगावला ये-जा करणं वाचतं. पण सिस्टर थोडा वेळ येऊन जातात, बाकी दिवसभर बघायचं ते घरच्यांनीच. म्हणून घरातलं एक माणूस ठरवून टाका जे प्रत्येक डोसला हजर राहील, आज सून उद्या पुतण्या असं करू नका.

पहिला डोस घरी घ्यायचाच नाही, तो दवाखान्यातच. कुठल्याही नवीन अँटिबायोटिकला हेच. आणि डिस्चार्जच्या वेळी कागदावर औषधाचं नाव, किती ग्रॅम, किती तासांनी, शेवटचा डोस कुठल्या तारखेला, हे सगळं स्पष्ट लिहून घ्या. बीडी म्हणजे 12 तासांनी, टीडीएस म्हणजे 8 तासांनी, सकाळी 8 ला आणि दुपारी 2 ला देऊन मोकळं व्हायचं असं नसतं. पेशंटला पूर्वी कुठल्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर ते त्याच कागदावर वर मोठ्या अक्षरात लिहा, सिस्टर कन्नड बोलणाऱ्या असतील तर कन्नडमध्येपण लिहून घ्या, तोंडी सांगण्यावर राहू नका.

सिस्टर आल्या की आधी साबणानं हात धुवायला पाणी आणि स्वच्छ टॉवेल द्या. पावसाळ्यात आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळं चार्ज केलेली बॅटरी जवळ असू दे. औषध भरायच्या आधी व्हायल म्हणजे औषधाची छोटी बाटली तुम्ही हातात घेऊन बघा, नाव कागदाशी जुळतंय का, तारीख संपली नाही ना, सील आधीच फोडलेलं नाही ना. असं बघितलं म्हणून चांगली सिस्टर रागावत नाही. सेफ्ट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक पाण्यात मिसळल्यावर फिकट पिवळं दिसतं, ते नॉर्मल आहे, पण गढूळ दिसलं किंवा कण तरंगताना दिसले तर ते द्यायचं नाही. हेच औषध आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईनच्या बाटलीत मिसळत नाहीत, त्यात कॅल्शियम असतं. इंट्राकॅथचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबनं चोळून वाळू द्यायचं, मग थोडं सलाईन सोडून लाईन चालू आहे का बघायचं, मग औषध, मग परत सलाईन. घाई करायला लावू नका, व्हॅन्कोमायसिनसारखं औषध तर सलाईनमधून कमीत कमी तासभर सावकाशच जायला लागतं, भरभर सोडलं तर मान-चेहरा लाल होऊन खाजवतं आणि बीपी पण उतरू शकतं.

सगळ्यात महत्त्वाचं आता. इंजेक्शन झाल्यावर सिस्टरना अर्धा तास थांबवा, चहा ठेवा, काहीही करा पण लगेच जाऊ देऊ नका. अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा डोळे सुजणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, दम लागणं, एकदम गरगरून उलटी होणं, ही जोराची रिॲक्शन असू शकते आणि ती बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात दिसते. आधीची चार इंजेक्शनं सोसली म्हणून पाचव्याला होणार नाही असं नसतं. औषध चालू असताना दिसलं तर तिथंच बंद करायचं. यावर पहिलं औषध ॲड्रिनालिन, मांडीत देतात, अॅव्हिल-डेक्सा ही ॲलर्जीवरची इंजेक्शनं देऊन वाट बघत बसायचं नाही. ॲड्रिनालिन सिस्टरच्या पिशवीत आहे का, किती द्यायचं हे डॉक्टरांनी लिहून दिलंय का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, नसेल तर डॉक्टरांना सांगून सोय करून घ्या, त्याशिवाय घरी इंजेक्शन नको. पेशंटला आडवं झोपवून पाय वर करा, दम लागत असेल तर बसवा, उठवून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका आणि 108 ला फोन लावा. बॉर्डरवरच्या गावात असाल तर गाव, तालुका, जिल्हा आणि कर्नाटक हे पहिल्याच वाक्यात सांगा.

दिवसातनं दोन-तीनदा इंट्राकॅथची जागा उजेडात बघा. शीर लाल होऊन दोरीसारखी कडक लागतेय, हात सुजलाय, पट्टी ओली झालीय, सलाईन सोडताना चरचरतंय, यातलं काहीही असलं तर त्या लाईनमधून पुढचा डोस नाही, सिस्टरकडून काढून दुसऱ्या हाताला लावून घ्यायची. आंघोळीला तो हात प्लास्टिकनं गुंडाळा. थंडी वाजून ताप आला, लघवी कमी झाली किंवा पातळ जुलाब सुरू झाले तर पुढच्या डोसची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. बरं वाटतंय म्हणून मधेच बंदही करायचं नाही, गोळीवर जाता येईल का ते त्यांना विचारा.

वापरलेल्या सुया टोपण न लावता सरळ जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका आणि तो डबा सिस्टरबरोबर किंवा दवाखान्यात परत द्या, कचऱ्याच्या गाडीत टाकला तर पौरकार्मिकांच्या (सफाई कामगारांच्या) हातात घुसतात त्या. शेवटच्या डोसनंतर इंट्राकॅथ त्याच दिवशी काढून घ्या, कापूस दोन-तीन मिनिटं दाबून धरा, आणि पुढचे दोन दिवस ती जागा बघत राहा, काढल्यानंतरसुद्धा शीर सुजू शकते.