कमी खर्चात नक्षीचे पडदे कसे निवडावेत

पडद्यांच्या दुकानात बहुतेक जण आधी नक्षी बघतात, मग भाव विचारतात, आणि मापाची गोष्ट निघाली की घरी फोन लावतात, "जरा खिडकी मोजून सांग ना." खर्च वाढतो तो या उलट्या क्रमामुळे. मीटरचा भाव दोन पैसे कमी-जास्त असला तरी फारसं बिघडत नाही. कापड किती लागतं आणि त्यातलं किती वाया जातं, यावर बिल ठरतं. नक्षीच्या कापडात हे वाया जाणं साध्या कापडापेक्षा बरंच जास्त असतं.

१. खिडकी नव्हे, रॉड मोजा

पडदा रॉडवर लटकतो, म्हणून माप रॉडचं घ्यायचं. रॉड चौकटीच्या वर ४ ते ६ इंच आणि दोन्ही बाजूंना साधारण ६ इंच बाहेर असावा. पडदा बाजूला सारला की काच पूर्ण मोकळी राहते. मोजायला स्टीलची टेप वापरा, शिवणाच्या डब्यातली जुनी कापडी टेप ताणून सैल झालेली असते.

समजा खिडकी ५ फूट रुंद आहे. रॉड झाला ६ फूट, म्हणजे ७२ इंच. चुण्या नीट पडायला कापडाची रुंदी रॉडच्या निदान दुप्पट हवी, म्हणजे १४४ इंच. रेडीमेड पडदा साधारण ४ फूट रुंद मिळतो, तेव्हा तीन पडदे पुरतात. दुकानदार जोडीने विकतो आणि आपण चार घेऊन येतो! त्यापेक्षा दोन नक्षीचे आणि एक साधा घ्या. साधा मधे, नक्षीचे दोन्ही कडांना. साध्याचा रंग नक्षीतल्या फुलांशी जुळवण्यापेक्षा तिच्या जमिनीशी, म्हणजे मागच्या रंगाशी जुळवला तर तिन्ही एकाच संचातले वाटतात. भाव एका नगाचा सांगितलाय की जोडीचा, हे मात्र विचारून घ्या.

उंचीत रेडीमेड पडदे ५, ७ आणि ९ फुटांचे असतात. रॉडपासून फरशीपर्यंत साडेसात फूट भरत असतील तर ७ फुटी पडदा आखूड झालेल्या पायजम्यासारखा दिसतो. अशा वेळी ९ फुटी घेऊन खालून कमी करून घ्यावा. उरलेल्या पट्टीतून पडदे बांधायचे पट्टे निघतात. खालची कड फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा, म्हणजे लादी पुसताना ती भिजत नाही.

२. नक्षी चुण्या घालून बघा

काउंटरवर कापड सपाट पसरलेलं असतं. घरी ते तसं कधीच दिसणार नाही. दुकानदाराला सांगा, वरची कड मुठीत चुण्या घालून धरा आणि कापड खाली सोडा. मग आठ-दहा पावलं मागे जाऊन बघा. हातभर लांबीचा मोर चुण्यांत गेला की त्याची मान एकीकडे आणि पिसारा दुसरीकडे जातो. बारीक बुट्ट्या, पानांची वेल, उभे पट्टे, चौकडा या नक्ष्या मोडल्या तरी मोडलेल्या वाटत नाहीत. मोठं चित्रच आवडलं असेल तर ते पडद्याऐवजी सपाट राहणाऱ्या रोलर ब्लाइंडवर चांगलं दिसतं.

तिथेच कापड उजेडासमोर धरून बघा. दिवसा खिडकीतून उजेड मागून येतो, त्यामुळे पातळ कापडावरचा फिका छाप धुवून गेल्यासारखा दिसतो. उलटी बाजूही बघायची. छापील कापडाची उलटी बाजू फिकी असते. जॅकार्ड विणीत नक्षी धाग्यातच असते, आणि उलट बाजूला तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. समोरच्या इमारतीतून तुमचे पडदे दिसत असतील तर हा फरक कळतो.

३. नक्षी किती इंचांनी पुन्हा येते?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात आणि हे सहसा कोणी विचारत नाही. ताग्यावरचं एखादं ठळक फूल धरा आणि बरोबर त्याच्या खाली तेच फूल पुन्हा कुठे येतं ते मोजा. शेजारशेजारच्या पडद्यांवर फुलं एका रेषेत यायची असतील तर प्रत्येक तुकडा या अंतराच्या पटीत कापावा लागतो.

७ फुटी, म्हणजे ८४ इंची पडदा शिवायचा आहे. वरची-खालची दुमड धरून ९४ इंच कापड लागतं. नक्षी १८ इंचांनी पुन्हा येत असेल तर कापावे लागतात १०८ इंच. दर पडद्यामागे १४ इंच फुकट, चार पडद्यांत ५६ इंच, म्हणजे जवळजवळ दीड मीटर. तीच नक्षी ६ इंचांची असेल तर ९६ इंचांत काम होतं. म्हणून मीटरचा भाव सारखाच असला तरी लहान नक्षीचं कापड स्वस्त पडतं. तुकडे कापण्याआधी शिंप्याला "फुलं जुळवून काप" असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो कापड वाचवतो आणि फुलं वरखाली होतात.

४. कोणत्या खिडकीला काय

पश्चिमेच्या खिडकीला गडद जमिनीची छापील नक्षी नको. दुपारच्या उन्हाने चुणीचा बाहेरचा भाग विटतो, आतला तसाच राहतो, आणि पडदा पसरला की नसलेले पट्टे दिसू लागतात. तिथे फिकी जमीन किंवा रंगवलेल्या सुताचा चौकडा बरा. राजस्थानातल्या बगरूची दाबू, म्हणजे चिखलाचा लेप वापरून केलेली छपाई किंवा वनस्पतिजन्य रंगातलं कलमकारी कापड सुंदर असतं, पण ते उत्तरेच्या खिडकीला लावा, किंवा मागे अस्तर द्या. जयपूरजवळच्या सांगानेरच्या छपाईची पांढऱ्यावरची बारीक फुलं लहान खोलीला छान दिसतात.

कोकणात किंवा मुंबईत, जिथे पावसाळ्यात कपडे वाळता वाळत नाहीत, तिथे पॉलिस्टरचं मिश्रण असलेलं कापड सोयीचं. स्वयंपाकघरात मात्र पॉलिस्टर अजिबात नको, आच लागली की ते वितळतं. तिथे ओट्यापासून दूर, सुती, अर्ध्या उंचीचा पडदा पुरे.

खणाचे पडदे करायची हौस अनेकांना असते. खणाचा पन्हा अरुंद, त्यामुळे अख्ख्या पडद्यात जोड फार येतात आणि खर्चही वाढतो. साध्या सुती पडद्याला खाली सहा-आठ इंचांची खणाची पट्टी लावली की हौस भागते.

५. चादरीचा पडदा

नवी सुती चादर हा नक्षीच्या पडद्यासाठी बहुधा सगळ्यात स्वस्त मार्ग. ६० बाय ९० इंचांची सिंगल चादर म्हणजे जवळजवळ तयार पडदाच. वर रिंगांसाठी दुमड घातली की ७ फूट सहज मिळतात, तिन्ही कडा आधीच शिवलेल्या असतात, शिवाय उशीचा अभ्रा वेगळा. ९० बाय १०८ ची डबल चादर ४५ इंचांचे दोन भाग करून उभी कापली तर उंच दारासाठी दोन पडदे होतात. १०८ ची बाजू अर्धी करून ७ फुटी पडदे करायचे झाले, तर झाडाफुलांची नक्षी आडवी पडते. दिशा नसलेल्या नक्षीला तसं चालतं. चादरीचं कापड पातळ असल्याने बेडरूममध्ये अस्तर लागेलच.

६. शिवणं, टांगणं, धुणं

सुती कापड शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढा. शेकडा ३ ते ५ इतकं आटलं तरी ७ फुटांवर अडीच ते चार इंच जातात. रेडीमेड सुती पडदा असेल तर खालची दुमड किती खोल आहे ते बघा, पुढे उसवून लांबी वाढवता येते.

पडद्याच्या वरच्या कडेत बसवलेल्या, रॉड ओवायच्या धातूच्या रिंगा सम संख्येतच असाव्यात, साधारण पडद्याला आठ. विषम झाल्या तर एक टोक भिंतीकडे वळतं आणि दुसरं खोलीत डोकावतं.

पहिली धुलाई वेगळी आणि गार पाण्यात. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण आधीच रंगवलेल्या कापडावर मिठाचा तसा उपयोग होत नाही. त्याऐवजी दुकानातच नमुन्याच्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रुमालाला रंग लागला, तर ते कापड पांढऱ्या जमिनीच्या पडद्याच्या शेजारी लावायचं नाही.