जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स परत चढवताना

आमच्या आबांची ८९ ची महिंद्रा पिकअप, प्यूजो डिझाइनचं २११२ सीसी डिझेल इंजिन, रावेरहून केळी वाहून वाहून थकलेली. चेसिसला रंग झाला, इंजिन बसलं, राहिलं क्लच, गिअरबॉक्स न प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंत फिरणारा लांब दांडा. मे महिन्यात हे काम काढू नका भो, दुपारी पाना हातात धरवत नै. आम्ही सकाळी सहालाच सुरू करायचो.

आधी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या मागची जड चकती, पेट्रोलने पुसा, नंतर त्याला ग्रीसचा हात लावायचा नाही. फ्लायव्हीलच्या मधलं छोटं पायलट बेअरिंग बोटाने फिरवून बघा, खरखरलं तर आत्ताच बदला, दोनशे-तीनशेच्या बेअरिंगसाठी परत सगळं उतरवायला कोणालाच आवडत नाही. आता क्लच प्लेट. मधला उंच हब गिअरबॉक्सकडे, सपाट बाजू फ्लायव्हीलकडे. मी पहिल्यांदा उलटी बसवली होती, गिअरबॉक्स चढवला, सगळे बोल्ट आवळले, पेडल दाबलं तर क्लच सुटेचना, अख्खा दिवस पाण्यात. प्लेट मधोमध धरायला भंगारातला जुना इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्सच्या तोंडातून पुढे येणारा दातेरी दांडा) आणा, नाहीतर सुताराकडून खराद्यावर लाकडाचा तसा दांडा करून घ्या. प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या कव्हरचे) बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळायचे, एकच बाजू कच्चून आवळली तर कव्हर वाकतं.

आता खरी मारामारी. इनपुट शाफ्टच्या दात्यांना नखभरच ग्रीस, जास्त लावलं तर उडून क्लच प्लेटच्या लायनिंगवर जातं. दोन लांब बोल्टांची डोकी कापून इंजिनच्या भोकांत वरच्या बाजूला पिळा, गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरकत येतो. जॅक आणि चेनकप्पी दोन्ही लावा, वजन क्षणभरही क्लच प्लेटवर लटकू देऊ नका. गिअर टाकून ठेवा न गिअरबॉक्सचा मागचा फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती) हाताने हळू फिरवत ढकला, दाते जुळले की आपोआप आत सरकतो. शेवटचं बोटभर अंतर राहिलं की हात शिवशिवतात, बोल्ट आवळून ओढून घेऊ म्हणून, पण तिथेच हौसिंगचा कान तुटतो. आत जात नसेल तर कुठेतरी वाकडा आहे, मागे घ्या, परत लावा.

प्रोपेलर शाफ्ट उतरवतानाच स्लिप जॉइंटवर (शाफ्टचे दोन तुकडे दात्यांवर आतबाहेर सरकतात तिथे) छिन्नीने खूण केली असेल तर बरं. नसेल तर दोन्ही टोकांची योकं (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत आली पाहिजेत. एक दातही इकडेतिकडे झाला तर पन्नासच्या वेगापुढे गाडीची फरशी थरथरते आणि मग लोक चाकं बॅलन्स करत बसतात. क्रॉसला ग्रीस चारही टोपणांतून बाहेर येईपर्यंत मारा.

गाडी सपाट जागी उभी करून ९० नंबरचं गिअर ऑइल लेव्हलच्या बोल्टातून ओघळेपर्यंत भरा. सिंक्रो (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या) पितळी असतात म्हणून गिअरबॉक्सला डब्यावर जीएल-४ हा ऑइलचा दर्जा बघून घ्या, मागच्या धुऱ्यातल्या क्राऊन गिअरला जीएल-५. क्लच पेडलला साधारण इंचभर मोकळा खेळ ठेवा. आबांनी गाडी सुरू करून पहिला गिअर टाकला, काहीच आवाज आला नाही, तर म्हणाले, 'लागला का नै लागला?'