साल तुटली की साखर अडली: बागेतल्या या चुका टाळा

बडोद्यात पावसाळा लागला की डाळिंबाला, लिंबाला, पेरूला गुटी बांधायची, म्हणजे फांदीला झाडावरच मुळ्या फोडून नवं रोप करायची, लगबग सुरू होते. पुढे दिवाळीच्या सुमारास तक्रारही ठरलेली: "मुळ्याच फुटल्या नाहीत!" मग खताला दोष. घोटाळा बहुतेक वेळा सालीत असतो.

लाकडातून वर चढतं ते पाणी. पानांनी तयार केलेली साखर वाहते सालीच्या आतल्या रसवाहिन्यांतून. गुटीत इंचभर रुंदीची साल गोल काढतो ती या वाहिन्या तोडायलाच. पानांना पाणी मिळत राहतं, पण खाली निघालेली साखर आणि मुळं फोडणारं संप्रेरक कापाच्या वरच्या काठाशी अडतं. मुळ्या तिथेच फुटतात. साल काढल्यावर बोटाला जो निसरडा, ओलसर थर लागतो, तो सुरीच्या पाठीने खरवडायलाच हवा. राहिला तर त्यातूनच नवी साल धरते, वाट पुन्हा जुळते आणि फांदी मुळ्या न फोडता मजेत जगते. उलट सुरी लाकडात घुसवलीत, तर पाणीच तुटतं आणि फांदी वाळते.

दुसरी चूक आपण रस्त्याकडेच्या झाडांवर करतो. नवरात्रात लाइटिंगसाठी आवळलेली तार नंतर कोण सोडतो? खोड जाड होत जातं, तार सालीत रुतते. तारेच्या वर साल ओठासारखी फुगते, खाली खोड बारीकच राहतं. सतराव्या शतकात माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने सालीचं कडं काढून हाच फुगवटा पाहिला होता. पानं हिरवी दिसतात म्हणून फसू नका. मुळं साठवणीच्या पिष्टावर दिवस काढत असतात. तार कापा. खोल रुतली असेल तर ओढू नका, सुटेल तेवढीच काढा. नारळ-खजुरीचं मात्र वेगळं: त्यांच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात.

कुंडीत साखरेचं पाणी ओतणं सोडा. मुंग्या येतात, बुरशी धरते. झाड आपली साखर पानातच करतं, आणि वाहून नेतं तीही बहुतेक झाडांत आपल्या चहातलीच, म्हणजे सुक्रोज.

साखर फक्त खालीच जाते, हाही गैरसमज. 1930 साली म्युंख या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेली कल्पना अशी: पानाजवळ वाहिनीत साखर भरली की शेजारून पाणी शिरतं, दाब वाढतो, फळ, कंद, कोवळा शेंडा साखर काढून घेतो तिथे दाब उतरतो. रस दाबाकडून ओढीकडे जातो, मग ती वर असो वा खाली. म्हणून भाजीसाठी मुळ्याचा सगळा पाला खुडलात, तर खालचा मुळा पोसायचा कशावर? दोन-चार पानं घ्या, बाकीची राहू द्या. छोट्याशा झाडावर पेरूंचा घोस लागला असेल, तर काही फळं लहानपणीच काढून टाका.

पानं चिकट लागली, त्यावर काळी बुरशी आली, तर बुरशीनाशक शोधण्याआधी कोवळे शेंडे उलटून पाहा. मावा थेट रसवाहिनीत सोंड खुपसतो, आतल्या दाबाने रस त्याच्या पोटात येतो आणि नको असलेली साखर तो खालच्या पानांवर टाकतो. पाण्याचा जोरदार फवारा मारून आधी मावा घालवा. काळं मग पुसलं जातं.